सातव्या गणितावरची रेघ

फॉर्मवर सही करताना माझ्या भावाने चहाचा कप खाली ठेवला नाही. डाव्या हातात कप, उजव्या हातात पेन, कागद टेबलाच्या कडेवर, आणि कुरिअरवाल्याला करून देतात तशी सही. खरं तर त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. रविवारची सकाळ होती, भावजय औषधांच्या दुकानात ड्यूटीवर गेली होती, भावाला कुठल्याशा इमारतीतली बंद पडलेली लिफ्ट बघायला पळायचं होतं, आणि मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत बसले होते. पण त्याने कप खाली ठेवला नाही हे पाहून माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या वडिलांनीही ठेवला नव्हता. तेव्हाही असाच फॉर्म होता, शाळेने पाठवलेला, पुढच्या वर्षी पूर्ण गणित घेणार की सोपं गणित, आणि तेव्हा टेबलाशी मी जशी उभी होते तशीच आता बटण उभी होती, एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायाचा अंगठा दाबत. बटण म्हणजे माझी भाची. दीड वर्षाची असताना माझ्या स्वेटरचं बटण गिळून तिने तीन दिवस घर कामाला लावलं होतं, तेव्हापासून हेच नाव. आता ती चौदा वर्षांची आहे आणि उंचीने माझ्या पुढे गेली आहे.

"आपल्या घरात गणित कुणाला आलंय?" भाऊ म्हणाला. वाईट मनाने नाही, पोरीला धीर यावा म्हणूनच. "मला नाही, तुझ्या आईला नाही, आत्याला तर विचारूच नको. रक्तातच नाही म्हटल्यावर तू तरी काय करणार? सोपं घे, मार्क मिळव, मोकळी हो." उरलेला चहा त्याने एका घोटात संपवला, फॉर्म फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली लावला, हत्यारांची पिशवी उचलली आणि तो गेला. बटण "हो बाबा" म्हणाली. ती इतक्या शहाण्या मुलीसारखी "हो" म्हणते तेव्हा मला भीती वाटते, कारण ती मुळात तशी नाही. गेल्या सुट्टीत बापाबरोबर कामावर गेली होती आणि लिफ्टच्या यंत्रांची खोली बघून आली, तेव्हा घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली होती की मी लिफ्ट दुरुस्त नाही करणार, बनवणार. भावाने हे महिनाभर ज्याला त्याला सांगितलं. आता सोप्या गणितावर खूण झाली होती. त्या खुणेनंतर लिफ्ट बनवायच्या शाळेचं दार उघडत नाही, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि भावालाही माहीत असणार, म्हणूनच त्याने एवढी घाई केली असेल.

"आत्याला तर विचारूच नको" हे मला लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. मी शाळेत ढ होते. नुसती कच्ची नव्हे, चांगली सर्टिफिकेट मिळालेली ढ. फळ्यापाशी उभी केली की खडू हातात धरून मी फळ्याच्या लाकडी चौकटीतल्या भेगा मोजायचे, आणि मागून हसू ऐकू यायचं. वडिलांनी त्या फॉर्मवर सही केली तेव्हा मला मनातून बरंच वाटलं होतं, दाताचं दुखणं दातासकट गेल्यासारखं. मग चार-सहा दिवसांनी जीभ त्या खड्ड्यात जायला लागली, आणि खरं सांगायचं तर अजून जाते. पुढे मी छापखान्यात लागले. आधी शिशाचे खिळे, म्हणजे सुट्या अक्षरांचे ठसे, जुळवायचे, मग संगणक आले तेव्हा पडद्यावर जुळवायला शिकले. आणि गंमत अशी, की गणिताची पुस्तकं माझ्याच टेबलावर यायला लागली. बाकीचे जुळारी त्यांना हात लावायचे नाहीत. मी लावायचे, कारण मला त्यात समजून घेण्याचा मोह नव्हता. पान दिसतं तसं उतरवायचं. वर्गमुळाच्या चिन्हावर जी आडवी रेघ असते ना, आकड्यांच्या डोक्यावर धरलेली, ती आमच्या त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये चिन्हाबरोबर येत नसे. चिन्ह वेगळं उचलायचं, आकडे वेगळे टाकायचे, आणि रेघ हाताने वरून ओढायची. आकडे जरा सरकले की रेघ मात्र होती तिथेच राहायची. मग एकेक रेघ पुन्हा नेऊन बसवायची. हे काम मी इतकी वर्षं केलं की छापखान्यात मला रेघबाई म्हणतात. त्या रेघेचा अर्थ काय, हे मी कुणाला विचारलं नाही. वाढप्याला स्वयंपाक यायलाच हवा असं थोडंच आहे?

"बघू गं तुझा पेपर," मी म्हटलं.

"कशाला? चार मार्क आहेत. वीसपैकी."

"चार तर चार. आण."

तिने दप्तरातून काढून तो शेंगांच्या टरफलांवरच टाकला. मला गणित येत नाही, पण पान वाचता येतं. प्रूफ वाचतात तसा मी तो वाचत गेले, अर्थाच्या भानगडीत न पडता, फक्त काय काय पुन्हा पुन्हा येतंय ते बघत. आणि मनात पाल चुकचुकली. ज्याला काहीच कळलेलं नसतं त्याच्या चुका दहा तऱ्हांच्या असतात. इथे एकच चूक होती, ओळीने, नेटक्या अक्षरात, खाडाखोड न करता. खिळ्यांच्या काळात आमचा फोरमन सांगायचा, की पानभर एकच अक्षर सारखं चुकलेलं दिसलं तर जुळाऱ्याला बोलू नका, आधी त्याच्यासमोरचा खिळ्यांचा खण बघा; कुणीतरी 'व'च्या खणात 'ब' टाकून ठेवलेले असतील आणि तो बिचारा विश्वासाने उचलत असेल. बटणच्या पेपरात पहिल्या गणितात √२० होतं आणि पुढे अधिक ७. रेघ फक्त वीसवर. बटणने वीस आणि सात मिळवून सत्तावीस केले होते आणि सगळेच्या सगळे चिन्हाखाली घातले होते. पुढच्या गणितात √१२, पुढे अधिक ८. तिथेही तिने वीस करून आत कोंबले होते. बाईंनी लाल पेनने दर वेळी बाहेरच्या आकड्याभोवती गोल केला होता, आणि पाचव्या गोलापाशी त्यांचा धीर सुटून पुढे नुसत्या फुल्या होत्या.

"इथे रेघ वीसवरच संपलीय ना?" मी विचारलं.

"हो."

"मग सात आत कसे गेले?"

तिने उसासा टाकला. लहान मुलाला समजवावं तशी माझ्याशी बोलली. "घ्यायचे असतात आत्या. रेघ कुठे संपते त्याच्यावर जायचं नसतं. आधी मीपण तसंच करायचे, रेघेपुरतं. पण मग उत्तर जुळायचं नाही."

"कुठल्या उत्तराशी?"

"तुझ्या पुस्तकातल्या."

मी मटाराचं भांडं बाजूला सरकवलं. बोटांना हिरवा वास येत होता आणि तो एकदम नकोसा वाटला. "बाईंना विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. परीक्षेच्या आधीच. त्या म्हणाल्या, रेघेबाहेरचं आत घ्यायचं नसतं. मी म्हटलं, पुस्तकात तसं आहे. तर म्हणाल्या, मग पुस्तकात नीट बघ." तिचा आवाज जरा चिरकला. "मी नीट बघितलं. वीस वेळा बघितलं. मला वाटलं बाई घाईत असतील. तुझ्या पुस्तकात चूक कशी असेल?"

माझं पुस्तक म्हणजे मी लिहिलेलं नव्हे. ते एका निवृत्त गणितशिक्षकाचं होतं, ज्यांना आम्ही मास्तर म्हणत असू. सरावाच्या गणितांचं पुस्तक, निळ्या कव्हराचं, अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे छापलेलं. पण त्याच्या दुसऱ्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत 'अक्षरजुळणी' असं लिहून पुढे माझं नाव आहे. आयुष्यात माझं नाव छापून आलं ते तेवढंच. मास्तरांनी हट्टाने घालायला लावलं. घरात त्या पुस्तकाचं कौतुक असं झालं की भावाने ते कपाटात चांदीच्या वाटीशेजारी ठेवलं. बटण तेव्हा तीन वर्षांची होती. मी रद्दी झालेली प्रुफं घरी आणायचे आणि ती त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हत्ती आणि घरं काढायची. पुढच्या बाजूला वर्गमुळं, मागच्या बाजूला हत्ती. पुढे अक्षरं ओळखायला लागली तेव्हा तिने पहिल्यांदा जे छापील नाव बोट ठेवून वाचलं ते माझं. या वर्षी तिला करणी नावाचा धडा, म्हणजे हीच वर्गमुळं, लागला, तेव्हा ते पुस्तक मीच कपाटातून काढून तिच्या हातात दिलं, आणि वर म्हटलं, "डोळे झाकून विश्वास ठेव. डोळ्यांत तेल घालून केलंय." हे वाक्य मला आत्ता, टेबलापाशी, शब्दन् शब्द आठवलं. नको तेव्हाच सगळं असं स्वच्छ आठवतं.

"दाखव," मी म्हटलं.

तिने पान उघडलं. पुस्तक तिथे आपोआप उघडत होतं, इतक्या वेळा ती त्या पानावर गेली असणार. सहावं गणित: √१८ अधिक √३२. सातवं: √१८ अधिक ३२. शेवटच्या पानावर सातव्याचं उत्तर, ५√२. बटणने वही उघडून आपलं पहिलं उत्तर दाखवलं, ३२ + ३√२, त्यावर तिने पेनने इतकं गिरवलं होतं की कागद फाटायला आला होता. खाली तिने दुसरी, तिसरी, चौथी खटपट केली होती. पाचव्यांदा तिने रेघ विसरून अठरा आणि बत्तीस एकत्र आत घातले, पन्नास झाले, आणि उत्तर पुस्तकाशी जुळलं. त्यापुढे तिने एक छोटा हसरा चेहरा काढला होता. तिथपासून पुढची सगळी गणितं तिने त्याच रीतीने केली होती.

मी सातव्या गणिताकडे बघत राहिले. माझं काही चुकलेलं असेल असं मला अजूनही वाटत नव्हतं. मला वाटत होतं मास्तरांचं उत्तर चुकलं असेल, शिक्षकसुद्धा माणूसच. मग माझी नजर अधिकच्या चिन्हावर गेली आणि तिथून हलेना. माझी एक सवय आहे. रेघेच्या छत्राखाली अधिकचं चिन्ह आलं तर मी त्याच्या दोन्ही बाजूंना जागा कमी सोडते, आकडे दाटीने बसवते, म्हणजे रेघ आटोपशीर दिसते. रेघेबाहेर अधिक असेल तर दोन्ही बाजूंना ऐसपैस. हे मला कुणी शिकवलेलं नाही, आणि दुसरा कुणी जुळारी करतही नाही. सहाव्या गणितातलं अधिक ऐसपैस बसलं होतं. सातव्यातलं दाटीने. म्हणजे आकडे बसवताना माझ्या हाताला माहीत होतं की वरून रेघ येणार आहे, बत्तीसच्या दोनापर्यंत. मास्तरांनी दोन गणितं मुद्दाम शेजारी शेजारी घातली होती. एकात दोन वेगळी मुळं, दुसऱ्यात एकाच रेघेखाली दोन आकडे, दोन्ही दिसायला सारखी पण उत्तरं निराळी, म्हणजे पोरांना फरक कळावा. आणि नेमकी तिथे रेघ अठरावर संपली होती. खणात चुकीचा खिळा मीच टाकला होता.

"काय झालं गं?" बटणने विचारलं.

"चष्मा," मी म्हटलं. "आतला आणते." चष्मा माझ्या नाकावरच होता. तिला तो दिसत होता.

माझ्या खोलीत पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. त्यात आईची शाल, माझी शाळेची प्रगतिपुस्तकं (ती मी का ठेवली आहेत, देव जाणे) आणि त्या निळ्या पुस्तकाची शेवटची प्रुफं. मी जमिनीवर बसून ती काढली. गुडघे वाजले. प्रुफं उलटताना मी काय शोधत होते ते मला नीट माहीत होतं: एखादं कारण. ते वर्ष आईच्या आजारपणाचं होतं. त्याच वर्षी छापखान्यात रोज दुपारी वीज जायची. मास्तरांनी अगदी शेवटच्या आठवड्यात अक्षराचा आकार वाढवायला सांगितला होता, लहान मुलांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून, आणि त्यामुळे सगळे आकडे फुगले आणि दोनशे चाळीस रेघा आखूड पडल्या. त्या मी एकेक करून परत ओढत होते. हे सगळं खरं होतं. यातलं काहीही सांगितलं असतं तरी कुणी मला नावं ठेवली नसती. ते पान हाताला लागलं. सातव्या गणितापाशी मास्तरांचा लाल पेन्सिलीतला बाण होता, आणि समासात त्यांच्या फूटपट्टीसारख्या सरळ अक्षरात लिहिलं होतं, 'रेघ बत्तीसवर न्यावी.' आणि त्या शब्दांशेजारी माझी निळी टिकची खूण होती. केलं, या अर्थाची. खालच्या कोपऱ्यात तारीखही मीच घातलेली. ती तारीख मी पुष्कळ वेळ बघितली. आई त्याच्या दोन महिने आधीच बरी होऊन घरी आली होती. तो काही खास दिवस नव्हता. त्या दिवशी मला बहुधा भूक लागली असेल, किंवा पाच वाजले असतील. आधी खूण करू, मग रेघ ओढू, असं म्हणून मी खूण केली आणि रेघ ओढली नाही. एवढंच घडलं होतं.

आणि मग मास्तरांची ती भेट आठवली. पुस्तक छापून आल्यावर पंधरा दिवसांनी ते छापखान्यात आले होते, माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले, चहा घेतला. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं आणि आत एका पानात त्यांनी बोट घालून ठेवलं होतं. "बाई, पुस्तक छान झालंय हो," ते म्हणाले. मी म्हटलं, "चूक तर नाही ना कुठे?" हे विचारताना मी हसत होते, कारण चूक नसते याची मला खात्री होती, आणि मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या टेबलाच्या काचेखाली बघितलं, जिथे मी पुस्तकाचं दुसरं पान, माझ्या नावाचं, कापून लावलं होतं. "छे छे," ते म्हणाले, आणि पानातून बोट काढून घेतलं. पुढे चार आवृत्त्या निघाल्या, चारही त्याच फाइलवरून. त्यांनी माझं मन राखलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तर जाऊन आता सहा वर्षं झाली, आणि मी ट्रंकेसमोर बसून त्यांच्यावर रागावले होते, की एवढं चांगलं का वागलात, एक शब्द बोलला असतात तर मी रात्रीतून दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक पुस्तकात चिकटवली असती. मग मी राग कुणावर काढतेय ते लक्षात आलं आणि माझीच मला लाज वाटली. चार आवृत्त्या. कितीतरी घरांत कितीतरी पोरं त्या सातव्या गणितापाशी अडली असतील. काही जणांनी पुस्तक मिटून ठेवलं असेल. काही जणांनी बाईंना विचारलं असेल आणि बाईंनी तिथल्या तिथे पेनने रेघ वाढवून दिली असेल. आणि काही जण बटणसारखे असतील, आपल्यापेक्षा छापलेल्यावर जास्त विश्वास ठेवणारे. माझ्याही शाळेच्या पुस्तकात कुणा रेघबाईच्या हातून असं काही राहून गेलं असेल का, असाही विचार आला. तो मी फार वेळ टिकू दिला नाही. मी खरोखरच ढ असण्याचीही पुष्कळ शक्यता आहे, आणि दुसऱ्याच्या चुकीत स्वतःची सुटका शोधायला ही वेळ नव्हती.

खोटं बोलण्याच्या वाटा किती असतात, ते तिथे बसल्या बसल्या कळलं. प्रेसमध्ये चूक झाली असं म्हणता आलं असतं. प्रेस म्हणजे कुणीच नव्हे. संगणकाच्या डोक्यावर खापर फोडता आलं असतं, ते तर रोजच फोडतात. किंवा काहीच न बोलता नुसतं म्हणता आलं असतं, "बाई सांगतात ते ऐक, पुस्तकावर जाऊ नको." त्याने गणित सुधारलं असतं. पण तिने जे खोडलं होतं, तो फाटायला आलेला कागद, ते तसंच राहिलं असतं. आपल्याला बरोबर दिसलं होतं हे तिला कधीच कळलं नसतं. मला बोलायचं नव्हतं ते तिच्या गणितामुळे नव्हे, हेही मी कबूल करते. कपाटात चांदीच्या वाटीशेजारी माझं एवढंच होतं, आणि ते तिच्याच नजरेतून उतरणार होतं.

मी प्रूफ घेऊन बाहेर आले आणि पुस्तकाशेजारी ठेवलं. "रेघ आखूड पडलीय," मी म्हटलं. "बत्तीसवर जायला हवी होती. मास्तरांनी सांगितलं होतं, हे बघ त्यांचं अक्षर. आणि ही खूण माझी. मी केलं म्हणून खूण केली आणि केलं नाही. चूक माझी आहे, बटण. तुझी नाही, बाईंची नाही, मास्तरांची नाही."

तिने प्रूफ बघितलं. मग पुस्तक. मग पुन्हा प्रूफ. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा गळ्यात पडेल. माणूस कबुली देताना आधीच माफीची जागा आखून ठेवतो. ती अवघडून म्हणाली, "म्हणजे माझं बत्तीस अधिक तीन रूट दोन बरोबर होतं?"

"जे छापलंय त्याचं तेच उत्तर असणार. तुझ्या बाईंचा नियम तोच म्हणतो ना?"

"मी ते पहिल्याच वेळी काढलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच वेळी, आत्या." आणि मग एकदम भडकली. "तू म्हणालीस डोळे झाकून विश्वास ठेव! सगळ्या वर्गासमोर मी बाईंशी भांडले. माझ्या आत्याने केलंय म्हणून सांगितलं. सगळे हसले. बाबा म्हणतात रक्तातच नाही, आणि मी रोज... मी रोज झोपताना..." ती पेपर आणि वही उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार आपटलं. फ्रिजवरचा फॉर्म वाऱ्याने हलला.

मी उरलेले मटार सोलले. दुसरं काय करणार? एकेक दाणा भांड्यात पडताना टिप् वाजत होतं. बरं वाटलं, असं मी म्हणणार नाही. पण जीभ त्या जुन्या खड्ड्यात गेली नाही, एवढं खरं. मग मी भावाला फोन लावला. मागे लोखंडाचे आवाज येत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. "तुझी चूक? तुझ्या हातून?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात एवढं आश्चर्य होतं की मला हसायला आलं. "ताई, मी आत्ता लिफ्टच्या टपावर उभा आहे. घरी आल्यावर बोलू का?"

"ये सावकाश. नवा फॉर्म आणला की पुन्हा सही करायची आहे," मी म्हटलं. "आणि या वेळी कप खाली ठेवून."

"कसला कप?" तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

दार अर्ध्या तासाने उघडलं. बटणचे डोळे सुजले होते आणि कानामागे पेन होतं. तिने परीक्षेचा पेपर आणि वही माझ्यासमोर ठेवली. दहाही गणितं तिने वहीत पुन्हा सोडवली होती, रेघेपुरती, बाहेरचं बाहेर ठेवून. २√५ + ७. २√३ + ८. माझा त्यातला अधिकार शून्य, पण पान मला वाचता येतं, आणि ते पान चांगलं होतं. अक्षर जरा रागीट होतं, एवढंच. "एक उरलंय," ती म्हणाली.

"कुठलं?"

"सातवं. तुझं." ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. "तुला ते कळलंय तरी का? पाच रूट दोन कुठून आलं?"

"नाही," मी म्हटलं. "एकोणतीस वर्षं रेघा ओढल्या, कधी विचारलं नाही."

"मग आज शीक. अठरा आणि बत्तीस एकाच छपराखाली, म्हणून आधी बेरीज. पन्नास. पन्नास म्हणजे पाच पंचे पंचवीस, दुणे पन्नास. आत दोन पाच आहेत आणि एक दोन आहे. पाचाला जोडीदार मिळाला, म्हणून जोडीतला एक बाहेर येतो. दोन एकटा, तो आतच राहतो."

"म्हणजे माझ्यासारखा."

"तू कुठे आत राहतेस? सगळ्यांच्या गणितात तोंड घालतेस," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हलला. "बोलून कळणार नाही तुला. लिहून दाखवते. कागद दे."

मी ट्रंकेतली कोरी पानं आणायला उठायला लागले, पण ती आधीच फ्रिजपाशी पोचली होती. तिने लोहचुंबक काढलं, फॉर्म घेतला, टेबलावर आणला आणि उलटा केला. रद्दी कागदाची मागची बाजू कोरी असते, हे तिला मीच शिकवलं होतं. त्या कोऱ्या बाजूवर तिने वर्गमुळाचं चिन्ह काढलं, त्यापुढे अठरा, अधिक, बत्तीस. वर काही काढलं नाही. पेन माझ्यासमोर धरलं आणि फूटपट्टी पुढे सरकवली.

"रेघ तू ओढ," ती म्हणाली.

मी फूटपट्टी लावली, आणि तिने तिचं दुसरं टोक बोटाने दाबून धरलं. मी रेघ ओढली. अठरावरून, अधिकवरून, बत्तीसच्या तीनावरून आणि दोनावरून, आणि दोन संपल्यावरही जराशी पुढे.